किल्लारीचा धडा : भरपाई मालमत्तेची की माणसाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे कमी असताना, मराठवाड्याच्या दक्षिण टोकाची भूमी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन आटोपून गावे उशिरा निजली होती. लातूर जिल्ह्यातील औसा व निलंगा आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांत किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी अशी नांदती गावे मिनिटाच्या आत दगडमातीचे ढिगारे झाली. सुमारे आठ हजार माणसे दगावली आणि त्यांच्या दुपटीच्या आसपास जखमी झाली.

या घटनेला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. तिच्या करुण कथा महाराष्ट्राने पुष्कळ ऐकल्या. मदतीच्या यशोगाथाही ऐकल्या. परंतु भूकंपानंतर जी पुनर्रचना झाली तिचे सामाजिक आणि आर्थिक मोजमाप पुरोगामी चळवळीने हवे तितके केलेले नाही. आपत्ती पुन्हा येणार आहे, आणि त्या वेळी सार्वजनिक पैसा कोणत्या तत्त्वाने वाटायचा हा प्रश्नही पुन्हा येणार आहे. किल्लारीत तो एकदा सोडवला गेला आणि त्याचा गाभा चुकीच्या रीतीने सोडवला गेला, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे. भरपाईचे माप माणसाच्या गरजेला लावण्याऐवजी त्याच्या मालमत्तेला लावले, तर आपत्तीपूर्वीची विषमता सरकारी खर्चाने सिमेंटमध्ये पक्की होते.

निसर्गाचा धक्का, समाजाचे घर

भूकंपाला निसर्ग जबाबदार असतो. भूकंपातल्या मृत्यूंना बहुतांशी समाज जबाबदार असतो. हे विधान कठोर वाटेल, म्हणून तीन भूकंप शेजारी ठेवून पाहावेत. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला झालेला धक्का किल्लारीच्या तोडीचा होता. तेथील मृतांची संख्या दोनशेच्या आसपास राहिली. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप ७.७ तीव्रतेचा, म्हणजे उत्सर्जित ऊर्जेच्या हिशेबाने किल्लारीच्या सुमारे शंभर पटींनी मोठा होता. त्यात अधिकृत आकड्यानुसार पावणेचौदा हजारांवर माणसे गेली, आणि त्यांत भूज, भचाऊ, अंजार यांसारखी दाट वस्तीची शहरे होती. किल्लारीची तीव्रता वेगवेगळ्या मोजणीनुसार ६.२ ते ६.४ एवढीच. इतक्या धक्क्याने थोड्याशा ग्रामीण टापूत आठ हजार माणसे का मेली? याचे एक उत्तर असे की हादरा जमिनीच्या पोटात फार खोल नव्हता. दुसरे उत्तर घरांच्या भिंतींत आहे.

त्या भागातले घर माळवदाचे. दगड शिवारातला, माती ओढ्याकाठची, श्रम घरच्यांचे. पैसा लागे तो लाकडाला. म्हणूनच घर किती खणांचे यावरून घरमालकाची ऐपत मोजली जाई. छताचा भार लाकडी खांब-तुळयांवर असे. भोवतीच्या भिंती म्हणजे दगडांचे दोन थर आणि मधे चिखलमाती, एक थर दुसऱ्याला कोठेही न बांधलेला. माळवद गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी नवी माती टाकली जाई आणि पिढ्यान्‌पिढ्या छत जड होत जाई. असे घर उन्हाळ्यात थंड आणि चोराचिलटांपासून सुरक्षित; पण हादऱ्यापुढे ते आपल्याच भाराने कोसळणारे. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि माणसे भिंतींखाली गाडली गेली.

शेतकऱ्याने असे घर अडाणीपणाने बांधले, हा शहरी निष्कर्ष अन्यायाचा आहे. त्या वेळच्या सरकारी नकाशात हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित, म्हणजे पहिल्या क्षेत्रात दाखवलेला होता. १९९२ च्या पावसाळ्यात व त्यानंतर किल्लारीच्या परिसराला अनेक लहान धक्के बसले. लोक भयभीत होऊन घराबाहेर निजले. त्या इशाऱ्यातून घरे मजबूत करण्याचा कोणताही कार्यक्रम निघाला नाही. २००२ मध्ये नकाशा सुधारला, पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. ज्ञान आले, पण मरणानंतर नऊ वर्षांनी आले. सुरक्षित घराला ज्ञान आणि भांडवल अशा दोन गोष्टी लागतात. कोरडवाहू मराठवाड्याच्या वाट्याला दोन्ही उशिरा आणि तुटपुंज्या आल्या.

येथे एक विलक्षण गोष्ट नोंदवली पाहिजे. गावकुसालगत गवताच्या, कुडाच्या झोपड्यांत राहणारी दलित व भूमिहीन कुटुंबे अनेक ठिकाणी तुलनेने वाचली. जाड भिंतींच्या चिरेबंदी वाड्यांनी आपल्या मालकांना गाडले. मृत्यूने त्या पहाटे गावची उतरंड काही ठिकाणी उलटी केली. पुढच्या पाच वर्षांत पुनर्वसनाने ती पुन्हा सुलटी करून ठेवली. ते कसे घडले, हे पाहणे अगत्याचे आहे.

मदतीचा जमाखर्च

टीकेआधी जमेची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पावसाचा मारा सुरू असताना लष्कर, शासकीय कर्मचारी आणि हजारो स्वयंसेवक ढिगारे उपसत होते. तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी मदतकार्याची सूत्रे तातडीने हाती घेतली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी बाराशे मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेऊन त्यांना पुण्याला नेले. पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे राहिले आणि अनाथ मुलांना तेथे आसरा मिळाला. महाराष्ट्रातील सामान्य माणसाने त्या वेळी दाखवलेली सहानुभूती खरी होती. तिचा उपमर्द कोणी करू नये.

१९९४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला आणि १९९८ पर्यंत चालला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची, दुसऱ्या गटातील आणखी काही गावांची घरे नव्याने बांधायची आणि तेरा जिल्ह्यांतील दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे, असा त्याचा विस्तार होता. एवढ्या अल्प काळात पंचवीस हजारांहून अधिक नवी घरे उभी राहिली, हे प्रशासनाचे लहान यश नव्हे.

मात्र हा पैसा कोणाचा होता हे विसरता येणार नाही. कर्ज सरकारने काढले, म्हणजे ते राज्यातील सर्व जनतेने काढले. त्याची फेड मीठ-मिरची, काडेपेटी, कापड विकत घेणारा प्रत्येक शेतमजूर अप्रत्यक्ष करांतून करतो. देणगीचा पैसाही लोकांच्या वर्गणीतूनच आलेला. असा पैसा वाटताना तो कोणत्या मोजपट्टीने वाटला, हे विचारण्याचा हक्क त्या शेतमजुराला आहे.

अडीचशे, चारशे, साडेसातशे

मोजपट्टी होती जमिनीची. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबाला २५० चौरस फुटांचे घर. एक ते सात हेक्टर असलेल्याला ४०० चौरस फुटांचे. सात हेक्टरांहून अधिक, म्हणजे सतरा एकरांवर, जमीन असलेल्याला ७५० चौरस फुटांचे. घराखालचा व भोवतालचा भूखंडही त्याच क्रमाने लहानमोठा. एका मोठ्या खातेदाराला जेवढे बांधकाम मिळाले तेवढ्यात तीन भूमिहीनांची घरे झाली असती.

या वाटपाचे समर्थन असे केले गेले की मोठ्या शेतकऱ्याचे पूर्वीचे घर मोठे होते, त्याला धान्य, चारा, अवजारे ठेवायला जागा लागते, बैल बांधायला जागा लागते. यात तथ्य आहे. परंतु गोदामाची गरज गोदामाने भागवावी, गोठ्याची गोठ्याने. राहत्या घराचा आकार कुटुंबातील माणसांवर ठरावा, हे साधे सूत्र येथे का नाकारले गेले? भूमिहीनाच्या घरी माणसे कमी असतात, असे कोणत्याही जनगणनेने सांगितलेले नाही. सात माणसांचे मजूर कुटुंब अडीचशे चौरस फुटांत आणि चार माणसांचे बागायतदार कुटुंब साडेसातशेत, हा निवाडा गरजेच्या कोणत्याही तर्कात बसत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर भरपाईची दोन तत्त्वे असतात. पहिले विम्याचे तत्त्व : ज्याचे जेवढे गेले त्याला तेवढे द्यावे. विमा उतरवणाऱ्याने हप्ता भरलेला असतो, म्हणून त्या व्यवहारात हे तत्त्व न्याय्य ठरते. दुसरे सामाजिक सुरक्षिततेचे तत्त्व : समाजाच्या सामायिक निधीतून प्रत्येकाला माणूस म्हणून जगण्यास पुरेल इतके द्यावे, आणि जो अधिक दुर्बळ त्याला आधी द्यावे. किल्लारीत कोणत्याही मोठ्या खातेदाराने विम्याचा हप्ता भरला नव्हता. निधी सामाजिक सुरक्षिततेचा होता आणि वाटप विम्याच्या तत्त्वाने झाले. विसंगती येथे आहे.

ही विसंगती अटळ होती असेही नाही. याच महाराष्ट्राने वीस वर्षांपूर्वी निराळा मार्ग दाखवला होता. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आली तेव्हा त्यांना काम देताना कोणाचा सातबारा पाहिला गेला नाही. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला बळ मिळाले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम, आणि कामाप्रमाणे दाम. ज्याला गरज असेल तो येईल, हीच त्या योजनेची निवड-पद्धती. दुष्काळाने महाराष्ट्राला हक्काची भाषा शिकवली. भूकंपाच्या वेळी तीच भाषा शासन विसरले, आणि चळवळीनेही तिची पुरेशी आठवण करून दिली नाही.

मोजपट्टीच्या बाहेर जे राहिले त्यांची कथा आणखी निराळी. मालकाच्या वाड्यातल्या एका खणात राहणारा सालगडी. भावकीच्या एकाच वाड्यात वेगळी चूल मांडलेला, पण ग्रामपंचायतीच्या नोंदीत स्वतंत्र घर नसलेला धाकटा भाऊ. माहेरी परत आलेली परित्यक्ता. सासऱ्याच्या नावावरच्या घरात राहणारी विधवा. नमुना आठच्या उताऱ्यावर ज्याचे नाव नाही त्याने आपले घर होते हे कसे सिद्ध करायचे? कागद ढिगाऱ्याखाली, साक्षीदार मृत. मालकी हा भरपाईचा आधार मानला की ज्यांच्याकडे मालकी नव्हती त्यांचे नुकसानच अस्तित्वात राहत नाही. आणि ग्रामीण महाराष्ट्रात मालकी नसलेल्यांत सर्वांत मोठा वर्ग स्त्रियांचा आहे.

गाव हलले, खर्च वाढला

दुसरा प्रश्न स्थलांतराचा. भीतीच्या त्या दिवसांत जुन्या जागी राहायला लोक धजत नव्हते. प्रेतांचे ढीग जेथे पाहिले तेथे पुन्हा चूल पेटवावीशी वाटत नव्हती. स्थलांतराची मागणी लोकांतूनही आली, हे नाकारता येत नाही. परंतु घरे कोसळली ती बांधणीमुळे. जागा बदलल्याने बांधणी सुधारत नाही, आणि बांधणी सुधारली तर जुन्या जागीही पुष्कळ गावे वसवता आली असती. शोकाच्या पहिल्या आठवड्यांत घेतलेले निर्णय पुढच्या तीन पिढ्यांना बांधून टाकतात. आधी निवारा, मग विचार आणि मग कायमचे बांधकाम, हा क्रम किल्लारीत साधला नाही.

नवी गावे शहरी वसाहतींच्या धर्तीवर आखली गेली : सरळ रुंद रस्ते, सारख्या अंतरावर सारखी घरे. गावाचे क्षेत्र पूर्वीच्या कित्येक पट झाले आणि त्यासाठी शेतजमीन संपादन करावी लागली. जुन्या गावात गल्ली अरुंद होती, पण तिच्यात सावली होती, ओटा होता, पार होता. बायकांना एकमेकींच्या आधाराने पाण्याला, सरपणाला जाता येत होते. नव्या घरात न्हाणीला आडोसा नाही, गुरांना गोठा नाही, अंगणाला भिंत नाही. मग पुष्कळांनी जुन्याच दगडांनी, जुन्याच पद्धतीने घराभोवती भिंती घातल्या. भूकंपरोधक घराला भूकंपप्रवण भिंत जोडली गेली, कारण आराखडा काढणाऱ्याने तेथे राहणाऱ्याला विचारले नव्हते.

याची आर्थिक बाजू सहसा चर्चेत येत नाही. पसरट गाव हे कायमचे महागडे गाव असते. जलवाहिनी लांब, गटार लांब, विजेची तार लांब, रस्ता रुंद. बांधताना खर्च देणगीदाराचा, पण दुरुस्तीचा खर्च जन्मभर ग्रामपंचायतीचा. घरपट्टी-पाणीपट्टीवर चालणाऱ्या कोरडवाहू गावच्या पंचायतीला शहरी आकाराचा संसार सोसत नाही. देणगीदार संस्थेची पाटी कमानीवर राहते आणि नळ कोरडा पडतो. शेत दूर गेले म्हणजे मजुराचे, विशेषतः डोक्यावर न्याहारी आणि काखेत मूल घेऊन जाणाऱ्या मजूर बाईचे, चालणे वाढते. हा वेळ कोणत्याही प्रकल्प-अहवालात खर्च म्हणून लिहिला जात नाही. पण तो तिच्या मजुरीतून आणि झोपेतून वजा होतो.

घर उभे राहिले, रोजगाराचे काय?

भूकंप झाला तो हंगामाच्या ऐन मोक्यावर. खरिपाची पिके शेतात होती आणि रब्बी ज्वारीची पेरणी तोंडावर आली होती. बियाणे घराच्या कणगीत, कणगी ढिगाऱ्याखाली. बैल मेलेले, औत मोडलेले, पेरणारे हात एकतर जखमी किंवा दिवसकार्यात गुंतलेले. अशा वेळी शेतकऱ्याला पहिल्या पंधरवड्यात लागते ते बियाणे, बैलजोडी आणि हातात खेळते भांडवल. कार्यक्रमात शेती-अवजारे, जनावरे, कारागिरांची हत्यारे यांचाही समावेश होता. पण त्याचा मुख्य भार घरबांधणीवर राहिला. घर माणसाला निवारा देते, उत्पन्न देत नाही. उलट, उत्पन्नाची सोय झाल्यावाचून मिळालेले पक्के घर गहाण पडण्याची वाट पाहत उभे असते.

आपत्तीनंतर कोट्यवधी रुपये एखाद्या मागास भागात खर्च होतात तेव्हा तेथे समृद्धी यायला हवी, असे वरवर वाटते. तो पैसा त्या भागात किती फेरे घेतो, यावर ते अवलंबून असते. सिमेंट बाहेरचे, पोलाद बाहेरचे, कंत्राटदार शहरातला, मजूरही पुष्कळदा दुसऱ्या जिल्ह्यातून वा परराज्यातून आलेला. रुपया लातूरच्या नावाने निघाला आणि लातूरला जेमतेम स्पर्श करून परत गेला. गावचा पाथरवट, गवंडी, सुतार, लोहार यांना नव्या तंत्राचे शिक्षण देऊन हीच गावे त्यांच्या हातून बांधून घेतली असती, तर घराबरोबर धंदाही उभा राहिला असता आणि पुढची दुरुस्ती करणारे हात गावातच राहिले असते. खण मोजून लाकूडकाम करणारा सुतार काँक्रीटच्या गावात निरुद्योगी झाला. त्याच्या नुकसानीचा पंचनामा कोणी केला नाही, कारण त्याची भिंत पडण्यापलीकडचे नुकसान मोजायचा रकानाच अर्जात नव्हता.

आपत्ती कर्जाला जन्म देते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सोसायटीच्या थकबाकीची नोंद कर्जदार मेल्याने मिटत नाही. ती वारसाच्या नावे चढते. बँकेची दारे कागदपत्रांवाचून उघडत नाहीत, सावकाराची उघडतात. नुकसानभरपाईची रक्कम ज्या घरात पुरुष वारसाच्या हाती पडली तेथे ती कोठे गेली, आणि जेथे एकटी विधवा वारस होती तेथे तिच्यावर भावकीचे काय दडपण आले, हे त्या गावांत काम केलेला प्रत्येक कार्यकर्ता जाणतो.

भूकंपग्रस्तांसाठी शासकीय नोकरभरतीत दोन टक्के समांतर आरक्षण ठेवले गेले. हे पाऊल योग्य दिशेचे होते, कारण त्याने उपजीविकेचा प्रश्न मान्य केला. परंतु सरकारी भरतीच आटत गेली आणि कंत्राटी नेमणुका वाढत गेल्या, तर त्या दोन टक्क्यांचे मोल काय राहते? प्रमाणपत्र कपाटात आणि मुलगा पुण्या-मुंबईच्या वाटेवर, हे चित्र लातूर-धाराशिवच्या कोणत्या गावात दिसत नाही?

संवाद साहाय्यकांचा अनुभव

याच कार्यक्रमाच्या एका भागाने मात्र निराळी वाट दाखवली. घरदुरुस्तीच्या योजनेत कंत्राटदार नव्हता. घरमालकाला टप्प्याटप्प्याने मदत मिळायची, अभियंत्याने सल्ला द्यायचा आणि काम कुटुंबाने करून घ्यायचे. सुरुवातीला योजना अडखळली. लोकांना अनुदानाचे नियम कळेनात. जुनी भिंत मजबूत करण्याच्या तंत्रावर विश्वास बसेना. पुष्कळांनी जुन्या घराची डागडुजी करण्यापेक्षा त्याच पैशात एक नवी पक्की खोली बांधणे पसंत केले. तज्ज्ञांना हे पटले नाही; पण ज्याने आपली माणसे दगडी भिंतीखालून काढली त्याला त्याच भिंतीत निजायला सांगणे कितपत शक्य होते, याचा विचार त्यांनी करायला हवा होता.

ही योजना मार्गी लागली ती बायकांमुळे. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद साहाय्यक नेमले गेले. शेकडो गावांत साध्या, अनेकदा अल्पशिक्षित स्त्रियांनी अनुदानाचे टप्पे समजावून दिले, सिमेंटचे प्रमाण तपासले, अभियंत्याला प्रश्न विचारले, ग्रामसभेत लाभार्थ्यांच्या यादीवर बोलायला उभ्या राहिल्या. ज्या बाईचे नाव घराच्या उताऱ्यावर नव्हते तिने घर कसे बांधावे यावर देखरेख केली. तिच्यापाशी ज्ञान आले तेव्हा तिचा आवाजही आला. आणि बचतगट, आरोग्य, पाणी या पुढच्या कामांत तो टिकून राहिला. कंत्राटदाराने बांधलेल्या आयत्या गावापेक्षा स्वतः बांधलेली एक खोली माणसाला अधिक उभे करते, हे या अनुभवाचे सार.

कच्छमध्ये काय बदलले, काय राहिले

२००१ मध्ये कच्छ कोसळले तेव्हा किल्लारीचा अनुभव डोळ्यांपुढे होता. तेथे गावे हलवण्याची कल्पना पुढे आली, पण बहुसंख्य लोकांनी जुन्याच जागी राहायचे ठरवले. घरमालकाने स्वतः बांधायचे, हप्त्याहप्त्याने अनुदान घ्यायचे, अशी पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली. मराठवाड्यातील महिला कार्यकर्त्या आपला अनुभव सांगायला कच्छच्या गावांत गेल्या. किल्लारीतील स्थलांतराचा आणि कंत्राटी बांधणीचा धडा देश शिकला, असे म्हणता येईल.

दुसरा धडा मात्र शिकला नाही. कच्छमध्येही अनुदान पडलेल्या घराच्या आकारावर आणि नुकसानीच्या दर्जावर ठरले. शहरांतील भाडेकरूंचा प्रश्न मागे पडला, कारण भाडेकरूचे घर कागदोपत्री त्याचे नसतेच. उद्योगांना उत्पादनशुल्कात मोठी सूट देण्यात आली आणि कच्छमध्ये कारखाने आले. ही सूट म्हणजे सार्वजनिक तिजोरीने केलेला खर्चच होय. तो भांडवलाच्या दारी थेट पोचला; विणकराच्या मागापर्यंत आणि मीठ पिकवणाऱ्या आगरियाच्या खोपटापर्यंत त्यातले किती झिरपले, हा प्रश्न तेथील कामगार चळवळीने विचारला पाहिजे आणि इतरांनी त्यापासून बोध घेतला पाहिजे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने एक मोलाची जागा निर्माण केली. मदतीची किमान मानके ठरवणे, विधवा व अनाथांसाठी विशेष तरतूद करणे, जीवितहानी व घरांच्या नुकसानीबरोबर उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्य देणे, यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे करण्यास त्या कायद्याच्या १२व्या कलमाने सांगितले. तेराव्या कलमाने २०२५ पर्यंत कर्जफेडीत सवलतीचा मार्ग ठेवला होता. परंतु मार्गदर्शक तत्त्व आणि न्यायालयात मागता येणारा हक्क यांत अंतर असते. ते अंतर राजकीय संघर्षानेच कमी होते.

कार्यकर्त्यांपुढील काम

या सर्वांतून काही मागण्या सरळ निघतात. राहत्या घराचे साहाय्य कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरावे, जमिनीवर कदापि नव्हे. वेगळी चूल म्हणजे वेगळे कुटुंब, हे ग्रामसभेच्या साक्षीने मान्य व्हावे. कागद नाही म्हणून कोणी वगळला जाऊ नये. नव्या घराचा उतारा पती-पत्नीच्या जोडनावाने आणि एकट्या स्त्रीच्या बाबतीत तिच्याच नावाने निघावा. घराच्या निधीबरोबरच बियाणे, जनावरे, हत्यारे आणि खेळते भांडवल यांचा निधी पहिल्याच महिन्यात मोकळा व्हावा. जुन्या कर्जाची वसुली थांबावी. पुनर्बांधणीतील मजुरीवर पहिला हक्क आपद्ग्रस्त गावच्या मजुराचा आणि कारागिराचा असावा. स्थलांतराचा निर्णय शोक ओसरल्यावर, सर्व वस्त्यांच्या आणि स्त्रियांच्या उपस्थितीत, ग्रामसभेने घ्यावा. नव्या वसाहतीचा पुढील वीस वर्षांचा देखभाल-खर्च कोण देणार हे त्याआधी लिहून दाखवावे.

या मागण्या आपत्ती आल्यावर करून चालणार नाही. आपत्तीच्या दिवशी कार्यकर्ता भाकरी वाटण्यात आणि प्रेते उचलण्यात गुंततो, आणि ते योग्यच असते. त्याच दिवसांत मंत्रालयात मोजपट्टी ठरत असते. ती आधीच ठरलेली आणि कायद्यात उतरलेली असेल तरच भूमिहीनाच्या वाट्याला न्याय येईल. म्हणून काम शांततेच्या काळातले आहे. आपल्या गावच्या नमुना आठमध्ये कोणाची नावे नाहीत, कोणत्या वस्तीची घरे गावठाणाबाहेर अनधिकृत ठरलेली आहेत, किती स्त्रियांच्या नावे घर आहे, कोणाच्या भिंती चिखलात बांधलेल्या आहेत, याची यादी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी ग्रामसभेपुढे मांडावी. आपत्तीत जे वगळले जातात ते आपत्तीच्या आधीच वगळलेले असतात. त्यांची नोंद आज करून घेणे, हे पुनर्वसनाचे पहिले काम आहे, आणि त्यासाठी भूकंपाची वाट पाहण्याचे कारण नाही.

किल्लारीच्या परिसरात दर ३० सप्टेंबरला मृतांना मानवंदना दिली जाते. त्या स्मृतिदिनी पुष्पचक्राबरोबर हा हिशेबही वाचला जावा. अडीचशे, चारशे आणि साडेसातशे हे तीन आकडे महाराष्ट्राच्या विवेकाला टोचत राहिले, तर त्या आठ हजार मृतांच्या मागे राहिलेल्यांशी थोडाफार प्रामाणिकपणा राखला असे म्हणता येईल.